सहा कर्ते, पाच रूपं, तीन उच्चार: फ्रेंचचं नियमित क्रियापद वर्तमानकाळात कसं चालवायचं

फ्रेंच क्रियापदाचा तक्ता पाठ करणं अवघड नाही. तरीही तो पाठ असलेली माणसं बोलताना अडखळतात आणि लिहिताना चुकतात, कारण तक्ता डोळ्यांनी शिकलेला असतो. फ्रेंचमध्ये लिहिलेलं रूप आणि ऐकू येणारं रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमित क्रियापदाला कर्ते सहा असतात, त्यांची लेखी रूपं पाच होतात आणि उच्चार फक्त तीन. हे तिन्ही आकडे पहिल्यापासून वेगवेगळे धरले, तर वर्तमानकाळ लवकर हाती येतो.

इथे प्रामुख्याने ‘ई-आर’ने संपणाऱ्या क्रियापदांचा विचार केला आहे. फ्रेंचमधली साधारण 90 टक्के क्रियापदं याच गटातली आहेत आणि भाषेत नव्याने येणारी क्रियापदंही जवळपास सगळी याच गटात दाखल होतात. त्यामुळे एक साचा नीट बसला की हजारो क्रियापदं वापरता येतात. अपवाद एकच मोठा, ‘आले’ म्हणजे जाणे. त्याचा शेवट ‘ई-आर’ असला तरी ते पूर्णपणे अनियमित आहे, ते वेगळं पाठ करा.

आधी लेखनाचा संकेत. जिथे अक्षरांमध्ये आडवी रेघ आहे, उदाहरणार्थ ‘ओ-एन-एस’, तिथे रोमन स्पेलिंग सांगितलं आहे. प्रत्यय किंवा स्पेलिंग सांगताना आलेलं सुटं ‘ई’, ‘एस’ हेही रोमन अक्षराचंच नाव. बाकी सगळीकडे फ्रेंच शब्दाचा उच्चार दिला आहे. पाय मोडलेलं अक्षर म्हणजे तिथे स्वर अजिबात नाही. अनुस्वार म्हणजे स्वर नाकातून काढायचा, त्यापुढे न किंवा म उच्चारायचा नाही. ‘ज़’ हा ‘राजा’ किंवा ‘जोर’मधल्या ज च्या जवळचा, आणि ‘झ’ म्हणजे जीभ टाळूला न टेकवता काढलेला मऊ, घासत येणारा आवाज. ‘त्यू’ म्हणताना जीभ ‘ई’च्या जागी ठेवा आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. फ्रेंचचे त, द, प, क हे मराठीतल्या त, द, प, क इतकेच साधे असतात. त्यांना ट, ड करू नका आणि त्यात हकार मिसळू नका. मराठी माणसाला ही गोष्ट आयती मिळालेली आहे, ती इंग्रजीच्या सवयीने घालवू नये.

मूळ रूपापासून धातूपर्यंत

शब्दकोशात मराठी क्रियापद ‘बोलणे’ असं सापडतं. त्यातलं ‘णे’ काढलं की ‘बोल’ उरतो आणि त्याला प्रत्यय लागतात. फ्रेंचमध्येही हेच करायचं. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे, स्पेलिंग पी-ए-आर-एल-ई-आर. शेवटची दोन अक्षरं, ई-आर, काढा. उरलं पी-ए-आर-एल. हा धातू.

काढायची ती फक्त शेवटची दोन अक्षरं. हे सांगावं लागतं, कारण धातू स्वराने संपला की हात जास्त कापतो. ‘एत्युद्ये’ म्हणजे अभ्यास करणे, याच्या स्पेलिंगचा शेवट आय-ई-आर असा आहे. ई-आर गेल्यावर ‘आय’ धातूतच राहतो आणि ‘मी’चं रूप आय-ई ने संपतं. ‘ऊब्लिये’ म्हणजे विसरणे आणि ‘झुए’ म्हणजे खेळणे यांचंही तसंच. ‘क्रेए’ म्हणजे निर्माण करणे, यात तर धातूच ई ने संपतो आणि वर प्रत्ययाचा ई लागतो, म्हणून दोन ई शेजारी येतात. ते दोन्ही लिहायचे.

सहा प्रत्यय

झ (मी): ई. झ पार्ल्.
त्यू (तू): ई-एस. त्यू पार्ल्.
इल्, एल्, ओं (तो, ती, आपण): ई. इल् पार्ल्.
नू (आम्ही, आपण): ओ-एन-एस. नू पार्लों.
वू (तुम्ही): ई-झेड. वू पार्ले.
इल्, एल् अनेकवचनी (ते, त्या): ई-एन-टी. इल् पार्ल्.

आता तक्ता झाका आणि फक्त कानाने मोजा. पार्ल्, पार्ल्, पार्ल्, पार्लों, पार्ले, पार्ल्. चार ओळींचा उच्चार एकच आहे. ई मूक, ई-एस मूक, ई-एन-टीसुद्धा पूर्ण मूक. सर्वांत जास्त चूक या शेवटच्या प्रत्ययात होते. तीन अक्षरं समोर दिसली की तोंड काहीतरी म्हणायला बघतंच, आणि ‘पार्लां’ किंवा ‘पार्लेंत’ असं रूप बाहेर पडतं. अनेकवचनाच्या प्रत्ययातला हा ई-एन-टी असा स्वरासकट कधीच उच्चारायचा नाही. पण हीच तीन अक्षरं नामाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या शेवटी आली, तर तिथे ‘आं’ असा अनुनासिक उच्चार होतो. ‘इल् पार्ल् लांत्मां’, म्हणजे ते सावकाश बोलतात, या वाक्यात क्रियापदाचा ई-एन-टी मूक आहे आणि ‘सावकाश’च्या शब्दातला ऐकू येतो. फ्रेंच शाळांत यासाठी एक वाक्य प्रसिद्ध आहे: ‘ले पूल् द्यू कूवां कूव्’, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. शेवटच्या दोन शब्दांचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं आहे. मठाचा ‘कूवां’, उबवण्याचा ‘कूव्’.

मूक ई अगदीच निरुपयोगी नाही. त्याच्यामुळे आधीचं व्यंजन ऐकू येतं. ‘शांते’ म्हणजे गाणे. ‘मी गातो’ हे ‘झ शांत्’, शेवटचा त स्पष्ट. पण ‘गाणं’ या अर्थाच्या नामात पुढे ई नाही, म्हणून ते नुसतं ‘शां’. तेव्हा प्रत्यय मूक आहे म्हणून धातूचं शेवटचं व्यंजनही गिळू नका. दांसे म्हणजे नाचणे याचं ‘झ दांस्’, रगार्दे म्हणजे पाहणे याचं ‘झ रगार्द्’.

आणखी एक जागा जपायची. मूळ रूपातला ई-आर आणि ‘वू’चा ई-झेड या दोन्हींचा उच्चार ‘ए’ असाच होतो. ‘पार्ले’ ऐकलं तर ते मूळ रूप आहे की तुम्ही-रूप, हे फक्त वाक्यावरून कळतं. लिहिताना ‘वू’च्या पुढे ई-आर लिहिणं ही फ्रेंच मुलांचीही नेहमीची चूक आहे. पडताळा सोपा आहे. त्या जागी ई-आर गटाबाहेरचं क्रियापद ठेवून बघा, उदाहरणार्थ ‘फिनीर’, म्हणजे संपवणे. ‘वू फिनिसे’ बसत असेल तर ई-झेड लिहा, ‘फिनीर’ बसत असेल तर ई-आर.

कर्ता का गाळता येत नाही

मराठीत ‘बोलतोस’ एवढं म्हटलं तरी कर्ता ‘तू’ आणि तोही पुरुष हे कळतं, म्हणून आपण सर्वनाम सहज गाळतो. फ्रेंचमध्ये नुसतं ‘पार्ल्’ म्हटलं तर मी, तू, तो, ती, ते यांपैकी कोण, काहीच कळत नाही. कर्ता सांगण्याचं काम पूर्णपणे सर्वनामाकडे गेलेलं आहे. त्यामुळे विधानात सर्वनाम किंवा नाम असलंच पाहिजे. आज्ञार्थात मात्र ते गळतं.

दुसरीकडे लिंगाचं ओझं उतरतं. बोलतो, बोलते, बोलतं असा भेद फ्रेंच वर्तमानकाळात नाही. पुरुष असो की स्त्री, ‘झ पार्ल्’. ‘तो’ आणि ‘ती’मध्येही बदलतं ते सर्वनाम, क्रियापद तसंच राहतं.

त्यू आणि वू यांची विभागणी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही, ती तू आणि तुम्हीसारखी आहे. एका व्यक्तीला आदराने ‘वू’ म्हटलं तरी क्रियापद ई-झेडचंच. अडचण तृतीयपुरुषात येते. आपण ‘सर बोलतात’, ‘आई काम करतात’ असं आदरार्थी अनेकवचन वापरतो, आणि तीच सवय फ्रेंचमध्ये नेली की एका शिक्षकासाठी अनेकवचनी ‘इल्’ आणि ई-एन-टी लिहिलं जातं. फ्रेंचमध्ये तृतीयपुरुषी आदरार्थी अनेकवचन नाही. व्यक्ती कितीही मोठी असो, एकटी असेल तर एकवचनी इल् किंवा एल्, प्रत्यय फक्त ई. ही चूक ऐकू येत नाही, म्हणून वर्गात कुणी पकडत नाही आणि ती थेट उत्तरपत्रिकेत उतरते.

‘ओं’कडे नीट लक्ष द्या. अर्थाने ते बहुतेक वेळा ‘आपण’ किंवा ‘आम्ही’ असतं, पण क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी घेतं: ‘ओं पार्ल्’. रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणसं ‘नू’ऐवजी बहुधा ‘ओं’च म्हणतात. याचा एक मोठा फायदा असा, की झ, त्यू, इल्, एल्, ओं आणि अनेकवचनी इल्, एल् या सर्वांना एकच उच्चार पुरतो. बोलताना वेगळं काढावं लागतं ते मुख्यतः ‘वू’चं रूप. नवशिक्याने बोलायला सुरुवात करताना याच दोन उच्चारांवर भर द्यावा. ‘नू’चं रूप लेखनासाठी आणि औपचारिक बोलण्यासाठी हवंच, पण ते दुसऱ्या आठवड्यात पक्कं झालं तरी चालतं.

कर्ता नाम असेल तर आधी त्याचं सर्वनाम करा, मग प्रत्यय निवडा. ‘पॉल आणि मी’ म्हणजे नू. ‘तू आणि तुझा भाऊ’ म्हणजे वू. पुरुष आणि स्त्रिया एकत्र असतील तर इल् अनेकवचनी. ‘तू ल मोंद्’ म्हणजे सगळे लोक, पण क्रियापद एकवचनी. ‘ले झां’ म्हणजे माणसं, अनेकवचनी. ‘ला प्ल्यूपार् दे झां’ म्हणजे बहुतेक माणसं, हेही अनेकवचनी. ‘बोलणारा मीच’ अशा रचनेत ‘की’, म्हणजे ‘जो’, याच्या पुढचं क्रियापद मागच्या सर्वनामाप्रमाणे चालतं. ‘से त्वा की पार्ल्’ लिहिताना शेवटी ई-एस हवं, कारण त्वा म्हणजे तू. ‘से वू की पार्ले’मध्ये ई-झेड.

क्रियापद स्वराने सुरू झालं तर

एमे म्हणजे आवडणे, प्रेम करणे. याचा आरंभ स्वराने होतो, म्हणून दोन गोष्टी घडतात. ‘झ’चा ई गळतो, त्या जागी अपॉस्ट्रॉफी येते आणि दोन्ही शब्द मिळून ‘झेम्’ होतं. ‘त्यू’चं काही गळत नाही: ‘त्यू एम्’. बोलण्यात ‘तेम्’ ऐकू येईल, पण औपचारिक लेखनात ते चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लिएज़ों. एरवी मूक असलेलं सर्वनामाचं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जोडून उच्चारलं जातं. नू, वू आणि अनेकवचनी इल्, एल् यांच्या शेवटचा एस इथे ‘ज़’ होतो: नूज़ेमों, वूज़ेमे, इल्ज़ेम्. ‘ओं’चा न ऐकू येतो: ओंनेम्. ही जोडणी ऐच्छिक नाही, ती करावीच लागते. मघाशी ‘इल् पार्ल्’ ऐकून तो की ते हे कळत नव्हतं. इथे ‘इलेम्’ म्हणजे तो आणि ‘इल्ज़ेम्’ म्हणजे ते. एकवचन आणि अनेकवचन यांतला सगळा फरक त्या एका ज़ मध्ये आहे, म्हणून तो नुसता तोंडी लावण्यापुरता म्हणू नका, ठसठशीत म्हणा आणि ऐकताना त्याचीच वाट बघा.

एच ने सुरू होणारी क्रियापदं दोन प्रकारची. एच कधीच उच्चारत नाहीत, पण अनेक क्रियापदांत तो नसल्यासारखाच धरतात. आबिते म्हणजे राहणे: झाबित्, नूज़ाबितों, इल्ज़ाबित्. एज़िते म्हणजे कचरणे: झेज़ित्. काही क्रियापदं मात्र जोडणी नाकारतात. युर्ले म्हणजे किंचाळणे, याचाही आरंभ एच ने आहे, पण ‘झ युर्ल्’ आणि ‘नू युर्लों’ असंच म्हणायचं, ई गळत नाही आणि ज़ येत नाही. कोणता एच कुठल्या प्रकारचा, हे दिसण्यावरून ठरवता येत नाही. चांगल्या शब्दकोशांत दुसऱ्या प्रकाराच्या शब्दाला खूण केलेली असते, ती बघून ठेवा.

स्पेलिंगमधले बदल, उच्चार वाचवण्यासाठी

काही क्रियापदं नियमितच आहेत, पण धातूचं स्पेलिंग थोडं बदलतं. यांना अपवाद म्हणून पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या.

मांझे म्हणजे खाणे, शेवट जी-ई-आर. रोमन जी चा उच्चार ई, आय किंवा वाय पुढे असला तरच ‘झ’ होतो, ओ पुढे आला की ‘ग’. ‘नू’चा प्रत्यय ओ ने सुरू होतो, म्हणून मध्ये एक ई घालतात: जी-ई-ओ-एन-एस, उच्चार ‘मांझों’. तो ई विसरला तर ‘मांगों’ होईल. सी-ई-आर ने संपणाऱ्या क्रियापदांत, उदाहरणार्थ कॉमांसे म्हणजे सुरू करणे, सी च्या खाली शेपटी देतात, तिला सेदिय् म्हणतात, म्हणजे ‘कॉमांसों’चा स राहतो. हे दोन्ही बदल वर्तमानकाळात फक्त ‘नू’च्या रूपात होतात. बाकी पाच ओळी साध्या.

दुसरा बदल नेमका उलटा चालतो. आश्ते म्हणजे विकत घेणे. यात धातूतला ई जवळजवळ ऐकूच येत नाही. पण झ, त्यू, इल्, आणि अनेकवचनी इल् या रूपांत पुढचा प्रत्यय मूक असतो, मग आघात धातूवर येतो आणि हा ई उघडा ‘ए’ म्हणून म्हणावा लागतो. लिहिताना त्यावर आक्सां ग्राव् देतात, म्हणजे डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ: झाशेत्. ‘नूज़ाश्तों’ आणि ‘वूज़ाश्ते’ यांत रेघ नाही. एकवचन डावीकडे आणि अनेकवचन उजवीकडे अशा तक्त्यात बदलणारी चार रूपं रेघेने घेरली की बुटासारखा आकार दिसतो, आणि वर्गात ती तशीच लक्षात ठेवतात. प्रेफेरे म्हणजे जास्त पसंत करणे, यातल्या दुसऱ्या ई वर आधीच चढती रेघ असते, ती याच चार रूपांत उतरती होते.

आप्ले म्हणजे हाक मारणे आणि झते म्हणजे फेकणे यांत रेघेऐवजी व्यंजन दुप्पट होतं. ‘झापेल्’ मध्ये एल दोनदा, ‘झ झेत्’ मध्ये टी दोनदा. ‘नूज़ाप्लों’ मध्ये एल पुन्हा एकच. स्वतःचं नाव सांगताना ‘झ मापेल्’ आपण पहिल्याच दिवशी म्हणतो, त्यातही एल दोन आहेत. कोणत्या क्रियापदाला रेघ आणि कोणत्याला दुप्पट व्यंजन, याचा गोंधळ जुना आहे. 1990 च्या शुद्धलेखन-सुधारणेने आप्ले, झते आणि त्यांच्यापासून बनलेली क्रियापदं सोडून या प्रकारच्या इतरांना रेघ वापरायची मुभा दिली. म्हणून एप्ले, म्हणजे स्पेलिंग सांगणे, हे दोन्ही प्रकारे लिहिलेलं आढळतं आणि दोन्ही बरोबर आहे. माझ्या मते शिकणाऱ्याने आप्ले आणि झते ही दोनच दुप्पट व्यंजनाची म्हणून लक्षात ठेवावीत आणि बाकीच्यांना रेघ द्यावी.

वाय-ई-आर ने संपणाऱ्यांत बुटातल्या चार रूपांमध्ये वाय चा आय होतो. नेत्वाये म्हणजे साफ करणे: झ नेत्वा, पण नू नेत्वायों. वाय च्या आधी ओ किंवा यू असेल तर हा बदल सक्तीचा. आधी ए असेल, जसं पेये म्हणजे पैसे देणे, तर ‘झ पे’ आय ने किंवा ‘झ पेय्’ वाय ने, दोन्ही चालतं.

नकार आणि प्रश्न

नकारात क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’: झ न पार्ल् पा. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर ‘न’चाही ई गळतो: झ नेम् पा. बोलताना फ्रेंच माणसं ‘न’ सर्रास टाकून देतात, लिहिताना तुम्ही टाकू नका. ‘पा’च्या जागी ‘झामे’ ठेवलं की कधीच नाही, ‘र्यें’ ठेवलं की काहीच नाही. तेव्हा ‘पा’ निघून जातो, दोन्ही एकत्र येत नाहीत. आणखी एक बदल कर्माच्या बाजूला होतो. एक, काही, थोडंसं या अर्थाचे अं, य्यून्, द्यू, द ला, दे हे शब्द नकारानंतर नुसते ‘द’ होतात: ‘मी मांस खात नाही’ म्हणजे ‘झ न मांझ् पा द व्यांद्’. पण एमे आणि आवडीनिवडीच्या इतर क्रियापदांबरोबर ल, ला, ले हे शब्द येतात आणि ते नकारातही तसेच राहतात: ‘झ नेम् पा ल काफे’.

प्रश्न तीन तऱ्हांनी होतो. विधानच सूर चढवून म्हणायचं, हे बोलण्यात सर्वाधिक. सुरुवातीला ‘एस्क’ लावायचं, हे सगळीकडे चालतं: एस्क त्यू पार्ल् फ्रांसे? पुढे स्वर आला तर ‘एस्किल्’. आणि तिसरी, क्रियापद आधी आणि सर्वनाम नंतर, मध्ये संयोगरेषा: पार्ले वू फ्रांसे? या तिसऱ्या तऱ्हेत इल्, एल्, ओं बरोबर एकवचनात दोन स्वरांमध्ये एक टी घालतात, त्याच्या दोन्ही बाजूंना संयोगरेषा: ‘पार्ल् तिल्?’ अनेकवचनात हा जादा टी लिहायचा नाही, कारण ई-एन-टी मधला टी आधीच तिथे आहे आणि तोच ऐकू येतो. ‘झ’ची उलटापालट या गटात आज कुणी करत नाही, तिथे ‘एस्क’ वापरा.

वर्तमानकाळ कुठे कुठे लागतो

इथे इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून विचार केलात तर काम सोपं होतं. ‘मी काम करतो’ आणि ‘मी काम करतोय’ या दोन्हींसाठी एकच रूप, ‘झ त्रावाय्’. इंग्रजीच्या सवयीने मध्ये ‘आहे’ घालू नका. ‘झ स्वी त्रावाय्’ अशी रचना फ्रेंचमध्ये नाही. ‘आत्ता या क्षणी करतोच आहे’ असा जोर द्यायचा असेल तेव्हाच ‘झ स्वी आं त्रें द’ म्हणून पुढे मूळ रूप ठेवायचं: झ स्वी आं त्रें द त्रावाये.

‘मी तीन वर्षांपासून इथे राहतो’ यात मराठी वर्तमानकाळ वापरते, फ्रेंचही तेच करते: झाबित् इसी दप्युई त्र्वा ज़ां. ‘उद्या एकत्र जेवतो आपण’ हेही वर्तमानकाळातच: दमें, ओं मांझ् आंसांब्ल्. या दोन्ही वाक्यांत काळ बदलण्याचा मोह होतो तो इंग्रजीमुळे.

दोन क्रियापदं लागोपाठ आली तर चालवायचं ते फक्त पहिलं, दुसरं मूळ रूपात: झेम् शांते, मला गायला आवडतं. इथेच मराठीचा एक सापळा आहे. आपल्याकडे आवडण्याचा अनुभव घेणारा ‘मला’ होतो, फ्रेंचमध्ये तो सरळ ‘मी’ म्हणून कर्ता होतो. याच्या अगदी उलट मांके हे क्रियापद. ‘मला तुझी आठवण येते’ यासाठी ‘त्यू म मांक्’ म्हणतात. ज्याची आठवण येते तो कर्ता, म्हणून प्रत्यय त्यू चा, ई-एस. ‘झ त मांक्’ म्हटलंत तर ‘तुला माझी आठवण येते’ असा अर्थ होईल.

कर्माला कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं, हे प्रत्येक क्रियापदाबरोबरच शिकावं. मराठीचा ‘ला’ दिसला की फ्रेंच ‘आ’ लावायचं, असा नियम करता येत नाही. तेलेफॉने म्हणजे फोन करणे, याला ‘आ’ लागतो. पण एदे, मदत करणे, आणि रांकोंत्रे, भेटणे, यांच्यात मराठीत ‘ला’ असूनही फ्रेंचमध्ये कर्म थेट येतं: झेद् पॉल, झ रांकोंत्र् पॉल. एकूते म्हणजे ऐकणे आणि शेर्शे म्हणजे शोधणे यांनाही मध्ये काही लागत नाही. पार्ले ‘आ’बरोबर ‘शी बोलणे’ आणि ‘द’बरोबर ‘विषयी बोलणे’ होतं. झुए ‘आ’बरोबर खेळ खेळणे, ‘द’बरोबर वाद्य वाजवणे. भाषेचं नाव पार्लेनंतर बहुधा नुसतं येतं, ‘पार्ले फ्रांसे’. एमे आणि एत्युद्येनंतर मात्र ‘ल’ हवाच.

आज्ञार्थ लगेच जमतो. सर्वनाम काढा, त्यू च्या रूपातला शेवटचा एस काढा: ‘पार्ल्!’ आता शेवट फक्त ई. ‘पार्लों!’ म्हणजे बोलूया, ‘पार्ले!’ म्हणजे बोला, यांत काहीच बदलत नाही.

दुसऱ्या गटांची ओळख

आय-आर ने संपणाऱ्या नियमित क्रियापदांत, फिनीर हे त्यांचं नेहमीचं उदाहरण, धातू ‘फिन’ आणि प्रत्यय आय-एस, आय-एस, आय-टी, मग आय-एस-एस च्या पुढे ओ-एन-एस, ई-झेड, ई-एन-टी. उच्चार: फिनी तीनदा, फिनिसों, फिनिसे, फिनिस्. इथे तो आणि ते यांचा फरक ऐकू येतो. शुआज़ीर म्हणजे निवडणे, रांप्लीर म्हणजे भरणे ही याच चालीची. पार्तीर म्हणजे निघणे आणि दॉर्मीर म्हणजे झोपणे दिसायला तशीच असली तरी त्यांना हा साचा लावू नका. आर-ई ने संपणारं वांद्र्, म्हणजे विकणे, एस, एस, काहीच नाही, ओ-एन-एस, ई-झेड, ई-एन-टी असं चालतं: वां तीनदा, मग वांदों, वांदे, वांद्. फ्रेंच व्याकरण याला तिसऱ्या, अनियमित गटात ठेवतं, पण आतांद्र् म्हणजे वाट पाहणे, रेपोंद्र् म्हणजे उत्तर देणे अशी बरीच क्रियापदं याच चालीची असल्याने परदेशी विद्यार्थ्यांना ते नियमित म्हणूनच शिकवतात.

सराव

तक्ता वरून खाली म्हणत बसू नका. त्याने क्रम पाठ होतो, रूप नाही. पाच क्रियापदं घ्या: पार्ले, एमे, आबिते, मांझे, आश्ते. या पाचांत व्यंजनाचा आरंभ, स्वराचा आरंभ, मूक एच आणि स्पेलिंगचे दोन मुख्य बदल एवढं सगळं येतं. सर्वनामं चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठी उचला आणि रूप मोठ्याने म्हणा. ते न अडखळता जमलं की त्याच चिठ्ठीवर नकार करा, मग प्रश्न.

लेखनासाठी वेगळा सराव हवा, कारण तोंडी सरावात ई, ई-एस आणि ई-एन-टी यांतला फरक कधीच तपासला जात नाही. कुणाकडून तरी दहा वाक्यं सांगून घ्या आणि लिहा. कर्त्यात नामं भरपूर असू द्या. तपासताना दर वाक्यात आधी कर्त्याखाली रेघ मारा, बाजूला त्याचं सर्वनाम लिहा, मग क्रियापदाचा शेवट त्याच्याशी जुळवून बघा. चुका जवळजवळ नेहमी तीन ठिकाणी सापडतील: त्यू चा राहून गेलेला एस, अनेकवचनी नामानंतर ई-एन-टी ऐवजी फक्त ई, आणि वू पुढे ई-आर. जी चूक दोनदा झाली, तिच्यासाठी त्याच कर्त्याची पाच नवी वाक्यं लगेच लिहा.